विणलेले उसवावे की तसेच ठेवावे?

उलटसुलट (धागाकर्ती)

गेला दीड महिना मी धाकट्या भावासाठी स्वेटर विणते आहे. पाठीचा भाग १३२ टाक्यांचा असून त्याच्या मधोमध सहा टाक्यांचा पीळ (टाके एकमेकांवरून ओलांडून केलेली दोरीसारखी नक्षी) आहे, आणि हा पीळ दर आठ ओळींनी उजवीकडे वळायला हवा. काल रात्री ९७वी ओळ संपवून मी विणकाम पलंगावर पसरले आणि आतापर्यंत झालेले काम डोळे भरून पाहावे म्हणून जरा लांब उभी राहिले, तेव्हा २३व्या ओळीवरचा पीळ डावीकडे वळलेला दिसला. तीन टाके जास्तीच्या सुईवर घेऊन विणकामाच्या मागे धरायचे होते, ते मी पुढे धरले होते. जवळून विणताना हे एकदाही लक्षात आले नव्हते, आणि आता मात्र त्या पाठीवर मला दुसरे काही दिसतच नाही.

हिशेब केला. ती ओळ धरून ७५ ओळी उसवाव्या लागतील, म्हणजे ९,९०० टाके जातील. भाऊ म्हणतो, "ताई, पाठीवर आहे ते, मला कुठे दिसणार आहे?" आई म्हणते, "तुला दिसतंय ना, मग उसव." दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि त्यामुळेच सुया कालपासून तशाच पडून आहेत.

येथे चित्रे काढणारे, माती घडवणारे, अक्षरे लिहिणारे आणि वाद्य वाजवणारे बरेच सदस्य आहेत, म्हणून हा प्रश्न केवळ विणकामाचा न ठेवता सर्वांना विचारते. हातून चूक झाली आणि ती बरीच उशिरा दिसली, तर मागे फिरायचे की पुढे जायचे हे तुम्ही कसे ठरवता?

निवांत

तसेच ठेवा. मी भाचीसाठी क्रोशाचे पांघरूण केले होते, त्यातील एका चौकोनात चुकून एक खांब (क्रोशाचा उंच टाका) कमी पडला आणि तो चौकोन किंचित तिरका झाला. ती आता चार वर्षांची आहे. झोपताना पांघरुणाची हीच बाजू तोंडाकडे हवी असते, आणि अंधारात ती बोटांनी तो तिरका चौकोन शोधून काढते. बाकीचे सगळे चौकोन बरोबर आहेत, पण तिला त्यांच्याशी काही देणेघेणे नाही.

सुईदोरा

उलटसुलट, सुया खाली ठेवल्यात हे फार चांगले केलेत, कारण अशा वेळी रागाने सुई ओढून काढली की मग सगळेच निस्तरावे लागते. तुम्हाला ९,९०० टाके उसवण्याची मुळीच गरज नाही. चूक सहा टाक्यांच्या पट्ट्यात आहे, तर उसवायचाही तेवढाच पट्टा. सहा टाके गुणिले ७५ ओळी म्हणजे अवघे ४५० टाके होतात.

आता कृती सांगते. पुढच्या ओळीत विणत विणत पिळाजवळ या आणि थांबा. दोन्ही बाजूंचे टाके घसरू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबराची टोपणे लावा. मग फक्त पिळाचे सहा टाके सुईवरून सोडा आणि ते सावकाश खाली, २२व्या ओळीपर्यंत उतरू द्या. उसवलेल्या जागी शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसू लागतील. प्रत्येक आडवा धागा म्हणजे एक ओळ, हे पक्के लक्षात ठेवावे. खालचे सहा टाके दोन्ही बाजूंना टोके असलेल्या आखूड सुईवर घ्या, सर्वांत खालचा आडवा धागा उचला आणि त्याने सहा सुलट टाके विणा. मग सुई न उलटवता टाके पुन्हा उजव्या टोकाकडे सरकवा आणि वरचा धागा उचला. काम सतत सुलट बाजूनेच चालते, त्यामुळे उलट टाका कोठेही येत नाही. पिळाच्या ओळी मात्र आधीच कागदावर मांडून ठेवा. २३व्या ओळीनंतर ३१, ३९ असे करत ९५व्या ओळीपर्यंत आणखी नऊ वळणे आहेत, म्हणजे एकूण दहा वळणे तुम्हाला पुन्हा घालायची आहेत.

घाबरल्यासारखे वाटत असेल तर आधी वीस टाक्यांचा छोटा तुकडा विणून त्यावर हे करून पाहा. लोकर केसाळ असेल तर मात्र मला आधी सांगा, कारण तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि पट्टा असा अलगद उतरत नाही.

पुढच्या भागासाठी एक सवय सुचवते. दर वीस ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा सुईवरच्या सर्व टाक्यांतून ओवून तसाच राहू द्या. कधी उसवण्याची वेळ आली तर विणकाम त्या दोऱ्याशी येऊन थांबते आणि टाके हरवत नाहीत.

फेरविण

सुईदोरा यांच्या पद्धतीला अनुमोदन. निवांत यांच्या भाचीचा चौकोन मला फार आवडला, पण माझा अनुभव नेमका उलट आहे, म्हणून लिहितो.

माझ्या पहिल्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा सहा ओळींनी लांब झाली होती. शिवून झाल्यावर ते कळले आणि मी "चालेल" म्हणून सोडून दिले. तीन हिवाळे तो स्वेटर कपाटात राहिला. घालायला काढायचो, आरशात बाही पाहायचो आणि परत घडी घालायचो. चौथ्या वर्षी एका रविवारी मी तो पूर्ण उसवला. शिवण काढली आणि धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत गेलो. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते, म्हणून तिची लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली हलके वजन अडकवून वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी लोकर जवळजवळ नव्यासारखी सरळ झाली होती. त्याच लोकरीतून झालेला स्वेटर मी आज घालून बसलो आहे.

उसवणे म्हणजे काम वाया जाणे असे आपण धरून चालतो. मला तो रविवार विणण्याइतकाच आनंदाचा गेला. ज्या कलेत साहित्य असे जसेच्या तसे परत मिळते, त्या कलेत मागे फिरायला इतके का कचरावे?

कुंचला

फेरविण, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मला तुम्हा विणणाऱ्यांचा मनापासून हेवा वाटला. जलरंगात परत मिळणारे असे फार थोडे असते. कागदावर उतरलेला रंग थोडाफार उचलता येतो, पण किती उचलला जाईल हे रंगद्रव्यावर ठरते. अल्ट्रामरीन निळा ओल्या कुंचल्याने बराच निघतो. थॅलो निळा मात्र कागदाच्या तंतूंत शिरून बसतो आणि कितीही टिपला तरी फिकट डाग राहतोच.

मागच्या वर्षी मी पहाटे उघड्यावर बसून आकाश रंगवत होते. रंग अर्धवट वाळला असताना वरच्या फांदीवरून दवाचे सात-आठ थेंब कागदावर पडले. अशा वेळी थेंबातले पाणी पसरताना भोवतीचा रंग बाहेर ढकलते, मध्ये फिकट ठिपका उरतो आणि कडेला गडद दातेरी रेघ उमटते. मी घाईघाईने ते ठिपके पुसायला गेले. कागदावर जिलेटिनचा जो लेप असतो तो घासण्याने फाटला, तंतू लव उभी राहावी तसे वर आले आणि त्या जागी पुढचा प्रत्येक रंग काळपट शोषला जाऊ लागला. पुसलेले चार ठिपके आजही त्या चित्रात खरुजेसारखे दिसतात. ज्या ठिपक्यांना मी हात लावला नाही, ते वाळल्यावर विरळ ढगांत मिसळून गेले.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते. चूक दिसली की कुंचला पाण्यात ठेवायचा, जागेवरून उठायचे आणि कागद पूर्ण वाळेपर्यंत चित्राकडे फिरकायचे नाही. उसवावे की ठेवावे हे त्यानंतर ठरवायचे. उलटसुलट यांनी एक रात्र सुया बाजूला ठेवल्या, हे मला म्हणूनच योग्य वाटते.

चाकावरची माती

मातीकामात या प्रश्नाचे उत्तर भट्टी देते. कच्चे भांडे बिघडले तर ते पूर्ण वाळू द्यावे आणि मग पाण्यात टाकावे. काही तासांत त्याचा चिखल होतो आणि ती माती मळून पुन्हा चाकावर घेता येते. गंमत अशी की अर्धवट ओले भांडे पाण्यात तसे चटकन विरघळत नाही. मला हे ठाऊक नव्हते तेव्हा मी एक फसलेला वाडगा ओला असतानाच बादलीत टाकला, आणि दोन दिवसांनी तो बऱ्यापैकी जसाच्या तसा बाहेर आला.

भट्टीत मात्र सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत मातीच्या रेणूंत बांधलेले पाणीही निघून जाते, आणि त्यानंतर ती पुन्हा माती होत नाही. म्हणून कच्ची भांडी फळीवर मांडली की मी भट्टी लावण्याच्या आदल्या संध्याकाळी एकेक हातात घेऊन पाहतो. ज्याच्याबद्दल मन साशंक असते ते सरळ बादलीत जाते. एकदा भट्टीत गेले की मग त्याच्या कुठल्याही वाकडेपणाबद्दल मी तक्रार करत नाही, कारण तक्रारीची वेळ आदल्या संध्याकाळी होती.

उलटसुलट, तुमची "भट्टी" कोणती? माझ्या समजुतीप्रमाणे शेवटचे टाके बंद करून भाग एकमेकांना शिवले की ती लागते. तोवर अवकाश आहे.

बोरू

मी हाताने लेखन करतो आणि जुन्या हस्तलिखितांच्या छायाप्रती पाहण्याचा मला नाद आहे, म्हणून माझी दृष्टी थोडी वेगळी आहे. जुने लेखनिक चूक लपवत नसत, ती दुरुस्त करून पुढे जात. अक्षर गळले तर त्या जागी हंसपदाची खूण करून ते समासात लिहीत. चुकीचा मजकूर झाकायचा असेल तर त्यावर हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे पिवळे खनिज, खलून फासत. आपण आजही एखाद्या गोष्टीवर "हरताळ फासला" म्हणतो ते त्यामुळेच. मूळ काम पोथी शुद्ध करण्याचे होते, आणि भाषेत मात्र तो शब्दप्रयोग बिघडवण्याच्या अर्थाने उरला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चामड्याच्या पानांवर लिहिणारे तर सुरीने मजकूर खरवडत. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक ग्रीक प्रत अशीच खरवडून इसवी सन १२२९ मध्ये त्या पानांवर प्रार्थना लिहिण्यात आल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने खालची पुसट अक्षरे वाचली तेव्हा आर्किमिडीजचा हरवलेला मानला गेलेला एक ग्रंथ हाती आला. खरवडणाऱ्याला वाटले असेल की पान कोरे झाले.

मी स्वतः मागच्या महिन्यात चाळीस ओळींची कविता सुवाच्य लिहून मित्राला भेट दिली, तिच्यात एकतिसाव्या ओळीवर "न" राहून गेला होता आणि कवितेचा अर्थच उलटला होता. पान पुन्हा लिहिण्याऐवजी मी लाल शाईने हंसपद काढले आणि समासात देखणा "न" लिहिला. मित्राने ते चौकटीत लावले आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या "न"बद्दल विचारतो.

घडीमोड

कागदाच्या घड्या घालणाऱ्यांच्या वतीने दोनच वाक्ये. आम्ही उलगडू शकतो, पण घडी पडलेल्या जागी तंतू मोडलेले असतात, म्हणून कागद ती रेघ विसरत नाही आणि पुढच्या वेळी नेमका तेथेच दुमडतो. म्हणून अवघड आकृती असेल तर मी आधी साध्या कागदावर पूर्ण करून पाहतो आणि चांगला कागद त्यानंतरच हातात घेतो.

छिन्नी

चाकावरची माती यांना निदान आदली संध्याकाळ तरी मिळते. दगडाच्या कामात पहिल्या घावापासूनच भट्टी पेटलेली असते. तरीही बिघडलेल्या दगडाचे पुढे काय होऊ शकते याचे एक उदाहरण मला लाकूड कोरताना नेहमी आठवते.

फ्लॉरेन्समधील डेव्हिडच्या पुतळ्यासाठीचा संगमरवर मायकेलअँजेलोला कोरा मिळाला नव्हता. १४६४ मध्ये दुसऱ्या शिल्पकाराने त्यावर काम सुरू करून ते सोडून दिले होते, आणखी एकाने हात लावून पाहिला होता, आणि मग तो दगड कित्येक वर्षे उघड्यावर पडून होता. मायकेलअँजेलोने तो १५०१ मध्ये हाती घेतला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. १५०४ पर्यंत त्याने त्यातून पाच मीटरहून उंच पुतळा काढला. आधीच्या घावांमुळे दगड अरुंद झाला होता आणि आकृती त्या उरलेल्या जाडीत बसवावी लागली.

मी कोरतो ते लाकडी चमचे आणि छोटे पक्षी, त्यामुळे तुलना नाही. पण गेल्या आठवड्यात सुतार पक्ष्याची चोच तुटली तेव्हा मी दगडाच्या उरलेल्या जाडीचा विचार करत बसलो आणि संध्याकाळपर्यंत त्याच लाकडातून एक गुबगुबीत चिमणी निघाली.

सहावे छिद्र

बासरी वाजवणाऱ्याचे दुःख मांडतो. तुम्हा सगळ्यांची चूक निदान तुमच्या समोर असते. आमची चूक बोटांत जाऊन बसते आणि तेथून ती उसवायला कोणताही धागा सापडत नाही.

एका धुनेत कोमल गंधार लावायचा होता. त्यासाठी छिद्र अर्धेच उघडायचे असते, पण मी घाईत ते पूर्ण उघडत असे आणि शुद्ध गंधार लागत असे. सात महिने मी ती धून रोज संध्याकाळी तशीच वाजवली. एक दिवस जिन्यात शेजारचा मुलगा तीच धून शिट्टीवर वाजवत उतरताना ऐकली. त्याचा सूर फार छान होता, आणि गंधार नेमका माझाच होता. मी त्याला थांबवून म्हणालो, "अरे, तिथं जरा खाली यायचं." तो म्हणाला, "काका, पण तुम्ही तर रोज असंच वाजवता!"

मग आम्ही दोघांनी मिळून ते सुधारले. मी निम्म्याहूनही कमी लयीत फक्त ते चार स्वर वाजवायचो आणि तो शिट्टीने साथ करायचा. पूर्ण लयीत चुकीची सवय आपोआप वर येते, कारण बोटे विचाराच्या आधी पोहोचतात, आणि लय उतरवली की त्या दोहोंमध्ये मन शिरायला जागा मिळते. मला पाच आठवडे लागले. त्याचे दोन दिवसांत झाले.

म्हणून उलटसुलट, माझे मत उसवण्याच्या बाजूचे आहे. पिळाची दिशा हातात चुकीची बसली नसेल याची मात्र खात्री करून घ्या.

निवांत

सहावे छिद्र, तो मुलगा आता बासरी शिकतो का?

सहावे छिद्र

हो, गेल्या महिन्यापासून. ऐकून वाजवण्यात तो माझ्या पुढे गेला आहे.

सुईदोरा

सहावे छिद्र यांचा मुद्दा विणकामातही खरा आहे. उलटसुलट, बाकीची सगळी वळणे उजवीकडे असतील तर ती एका रात्रीची नजरचूक समजावी. कुंचला यांना एक सांगायचे आहे : आमच्याकडेही दुरुस्तीमुळेच बिघडते. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणताना एखादी पायरी गाळली गेली की मूळ चुकीपेक्षा मोठे भोक दिसते.

उलटसुलट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. लोकर साधी आहे, केसाळ नाही. बाकीची अकराही वळणे तपासली आणि ती सगळी उजवीकडेच आहेत. चाकावरची माती यांच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. माझी भट्टी खरोखरच शिवण आहे, आणि ती लागायला अजून दोन बाह्या आणि पुढचा भाग शिल्लक आहे, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

आधी वीस टाक्यांचा तुकडा विणून त्यावर दोनदा करून पाहिले. मग शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर भावाला आडवे धागे मोजायला शेजारी बसवले आणि सहा टाके सोडले. पट्टा सरसर खाली उतरला तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. २३व्या ओळीवर तीन टाके मागे धरताना त्याने मोठ्याने "मागे, मागे!" असा गजर केला, आणि मग प्रत्येक वळणाला तो गजर चालू राहिला. ५५व्या ओळीजवळ एक आडवा धागा उचलायचा राहून मागे लोंबत होता. तो त्यालाच दिसला, म्हणून चार ओळी पुन्हा उतराव्या लागल्या. एकंदर साडेचार तास लागले.

पीळ आता खालपासून वरपर्यंत उजवीकडे वळतो. फक्त पिळाच्या डाव्या कडेचे टाके जरा सैल दिसतात. त्याला काही उपाय आहे का? की हे मी निवांत यांच्या मताप्रमाणे तसेच ठेवावे?

सुईदोरा

उत्तम झाले! कडेचा सैलपणा हा उतरवलेल्या पट्ट्यात येतोच, कारण सगळा धागा एका बाजूला सरकतो. बोथट सुईच्या टोकाने सैल टाक्यातला धागा शेजारच्या टाक्याकडे आणि तेथून पुढच्याकडे थोडा थोडा वाटून द्या. उरलेला फरक पहिल्या धुण्यात जाईल. कोमट पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये दाबा, पिळू नका, आणि सपाट पसरून वाळवा.

फेरविण

आणि पुढच्या ओळीत सुती दोरा ओवायला विसरू नका.

उलटसुलट (धागाकर्ती)

ओवला आहे. भावाने त्यासाठी केशरी रंग निवडला. आज १०३वी ओळ आहे, पुढचे वळण याच ओळीवर येते, आणि तो आत्ताच विचारून गेला की "मागे" म्हणायला किती वाजता यायचे.